रिमोटने विमान उडवताना घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

कुठे विमान पडलं की दोन दिवसांत एक प्रश्न हमखास फिरायला लागतो, अहमदाबादच्या अपघातानंतरही फिरला. की अरे, अमेरिकेत खुर्चीत बसून अफगाणिस्तानावर ड्रोन उडवायचे, आपल्याकडे पोरं उसावर ड्रोनने फवारणी करतायत, मग प्रवासी विमानात काही गडबड झाली तर खाली बसलेल्या माणसाने ते ताब्यात घेऊन उतरवायला काय हरकत आहे? प्रश्न येडपट वगैरे अजिबात नाहीये, बोइंगने यावर पेटंट घेतलेलं आहे. पण उत्तर द्यायचं तर आधी रिमोटने उडवणं म्हणजे काय ते जरा नीट बघायला लागतं, कारण रिमोट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जॉयस्टिक येते आणि जॉयस्टिक हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात सोपा भाग आहे.

आधी सरळ उत्तर. मोठं प्रवासी विमान रिमोटने उडवता येतं का? येतं, केलेलं आहे, तेही चाळीस वर्षांपूर्वी. १ डिसेंबर १९८४ ला नासा आणि अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने मिळून एक चार इंजिनांचं बोइंग ७२० कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावरून उडवलं, आत एकही जिवंत माणूस नाही, सीटवर पट्टे लावलेले नुसते पुतळे. आणि हे विमान मुद्दाम आपटायचं होतं. इंधनात एक रसायन मिसळलं होतं, ज्याने अपघातात इंधनाचं धुकं होत नाही आणि मग आगीचा गोळा पेटत नाही असा दावा होता, तो तपासायचा होता. खाली कॉकपिटसारख्या केबिनमध्ये स्क्रीनसमोर बसले होते फिट्झ फुल्टन, म्हणजे स्पेस शटल पाठीवर घेऊन जाणारं जंबो उडवणारा माणूस, त्या काळातल्या सगळ्यात मुरलेल्या पायलटांपैकी एक. त्याआधी १४ सराव उड्डाणं झालेली, त्यात आत माणसं बसलेली असताना रिमोटवरून ६९ वेळा विमान उतरायला खाली आणून झालेलं. तयारीत काही कसर ठेवली होती असं कोणी म्हणू शकणार नाही.

तरी शेवटच्या काही सेकंदांत गाडी घसरलीच. विमान ठरलेल्या रेषेच्या जरासं उजवीकडे होतं, ते मधे आणायला गेल्यावर ते डावीकडे-उजवीकडे डोलायला लागलं, आणि दोन्ही पंख सपाट ठेवून पोटावर बसायचं होतं त्याऐवजी डावा पंख आधी जमिनीला लागला. पुढे जमिनीत रोवलेल्या पोलादी पात्यांनी उजवीकडच्या एका इंजिनाला कापलं, आगीचा भलामोठा गोळा झाला आणि ती आग विझवायला तासाभराहून जास्त वेळ गेला. इंधनाचा प्रयोग फसलाच, पण मला त्यातला तो डोलण्याचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. विमान समोरच्याच आकाशात होतं, सॅटेलाइटची भानगड नव्हती, पायलट एक नंबर, आणि तरीही स्क्रीनवर बघून ते चालवताना जमिनीजवळचे शेवटचे पंचेचाळीस-पन्नास मीटर हातातून निसटले.

याच्याही आधीची गोष्ट बघायची तर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी जुनी बॉम्बर विमानं स्फोटकांनी ठासून भरून रिमोटने जर्मन ठिकाणांवर सोडायचा बेत केला होता. त्यात कॅमेरा होता, रेडिओ कंट्रोल होता, सगळं होतं, फक्त रिमोटने टेक-ऑफ करायची कोणाची छाती झाली नाही, म्हणून दोन माणसांनी विमान वर न्यायचं, स्फोटकं चालू करायची आणि पॅराशूटने उडी मारायची असं ठरलं. १२ ऑगस्ट १९४४ ला अशाच एका विमानात उडी मारायच्या आधीच स्फोट झाला, दोघेही गेले. त्यातला एक जोसेफ केनेडी, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींचा थोरला भाऊ.

आता सॅटेलाइटवरून उडवायचं म्हटलं की काय होतं ते बघा. लांबच्या ड्रोनसाठी बहुतेक वेळा जे सॅटेलाइट वापरतात ते पृथ्वीपासून ३५,७८६ किलोमीटरवर एकाच जागी टांगल्यासारखे असतात. रेडिओ सिग्नल प्रकाशाच्या वेगाने जातो तरी एवढं अंतर वर जायला साधारण ०.१२ सेकंद लागतो आणि खाली यायला तेवढाच. म्हणजे तुम्ही काठी हलवली की पाव सेकंदाने ड्रोनला कळणार, ड्रोन हलल्याचं चित्र अजून पाव सेकंदाने तुम्हाला दिसणार, झाला अर्धा सेकंद, आणि हा नुसता भौतिकशास्त्राचा हप्ता, यात सूट मिळत नाही. त्यावर व्हिडिओ दाबून लहान करायचा वेळ, एन्क्रिप्शन म्हणजे सिग्नल गुप्त भाषेत बदलायचा वेळ, मधल्या केबलचा प्रवास, असं करत करत एकूण उशीर दीड-दोन सेकंदांपर्यंत जातो. प्रवासी विमान उतरताना ताशी २६० किलोमीटरच्या आसपास असतं, म्हणजे सेकंदाला ७२ मीटर. दोन सेकंद म्हणजे जवळजवळ दीडशे मीटर. तुम्ही स्क्रीनवर जे बघताय ते विमान तिथे नाहीच आहे, ते केव्हाच पुढे गेलंय.

आणि यात वाईट असं की उशिरामुळे नुसतं उशिराच होत नाही, उलटंच होतं. गिझर लांब असलेल्या बाथरूममध्ये नळ फिरवला की पाणी लगेच गरम होत नाही म्हणून आपण अजून फिरवतो, मग एकदम चटका बसतो, मग घाईघाईने उलटा फिरवतो आणि अंगावर बर्फ, तसंच. विमान डावीकडे झुकलं, पायलटने उजवीकडे काठी दिली, स्क्रीनवर काहीच हललं नाही म्हणून अजून दिली, तोवर पहिलीचा परिणाम आला, मग दुसरीचाही आला, आता ते उजवीकडे जास्त झुकलं, मग परत डावीकडे. प्रत्येक फेरीत झोका मोठा. पायलट लोक याला चांगले ओळखून असतात, विमानात बसलेल्या माणसाच्या हातूनही हे कधीकधी होतं, पण उशीर जितका जास्त तितकं ते होणं सोपं.

म्हणून प्रीडेटर-रीपर या अमेरिकेच्या लष्करी ड्रोनच्या बाबतीत एक गंमत वर्षानुवर्षं चालत आली. उड्डाण आणि उतरवणं करायला ड्रोन जिथे ठेवलाय त्याच तळावर एक वेगळी टीम, ती थेट रेडिओने चालवणार, ड्रोन वर जाऊन सरळ झाला की मग अमेरिकेत नेवाडातल्या क्रीच तळावरची टीम सॅटेलाइटवरून तो ताब्यात घेणार, आणि परत येताना पुन्हा हातबदल. म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकावरून उडवतात असं आपण ऐकतो ते निम्मंच खरं. अलीकडे उतरवण्याचं काम कॉम्प्युटरवर सोपवलंय, माणूस सॅटेलाइटवरून फक्त 'उतर' म्हणतो आणि ड्रोन स्वतःचा स्वतः उतरतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळीकडे हाच प्रकार दिसणारे, अडचण आली की माणसाच्या हातातलं काम काढून यंत्राकडे द्यायचं.

(कोणी म्हणेल आता खालून फिरणारे सॅटेलाइट आलेत, पाच-साडेपाचशे किलोमीटरवरचे, त्यांचा उशीर नगण्य. बरोबर आहे, पण ते डोक्यावरून पळत असतात, एकावरून दुसऱ्यावर लिंक, म्हणजे रेडिओचा संपर्क, सतत उडी मारत असते. उशिराचा प्रश्न सुटतो, लिंक तुटण्याचा नाही.)

लिंकवर येतोच, पण त्याआधी शरीराचं बोलू. विमानात बसलेला पायलट नुसता डोळ्यांनी उडवत नाही. इंजिनाचा आवाज बदलला की कानाला कळतं, विमान घसरलं की बुडाला कळतं, पंखावर बर्फ चढायला लागला की थरथर बदलते, काही जळलं तर नाकाला आधी समजतं. खाली खुर्चीत बसलेल्याला यातलं काहीही नाही. जुन्या प्रीडेटरच्या नाकावरच्या कॅमेऱ्याचा टप्पा साधारण ३० अंश, आणि माणसाला मान न हलवता बाजूचं मिळून १८० च्या आसपास दिसतं. १९७० च्या दशकात नासाने एफ-१५ या लढाऊ विमानाचं छोटं मॉडेल रिमोटने उडवलं तेव्हा त्यांच्या कसलेल्या टेस्ट पायलटच्या हृदयाचे ठोके खऱ्या विमानात असायचे त्याच्यापेक्षा कितीतरी वाढलेले सापडले. जिवाला काही धोका नाही, जमिनीवर खुर्चीत बसलाय, आणि छाती धडधडतेय. मला हे अगदी पटतं, जे चालवतोय ते अंगाला जाणवत नसलं की माणसाला काय करायचंय त्याची सतत धास्ती राहते.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे नोगालेसचा अपघात. २५ एप्रिल २००६, अॅरिझोना, मेक्सिकोची सीमा, पहाटे चारच्या आतबाहेर. अमेरिकेच्या सीमा खात्याचा प्रीडेटर-बी गस्तीवर होता. खाली ग्राउंड स्टेशनमध्ये शेजारीशेजारी दोन सारखीच कन्सोल, एकावर पायलट, दुसऱ्यावर कॅमेरा हाताळणारा. दोन्हीवर तोच लिव्हर, पण कामं वेगळी: पायलटच्या बाजूला तो इंजिनाचा, त्यात एका टोकाला इंधन बंद, आणि कॅमेऱ्याच्या बाजूला तोच लिव्हर कॅमेऱ्याची आयरिस, म्हणजे उजेड कमीजास्त करायला. पायलटचं कन्सोल हँग झालं, असं आधीही व्हायचं. मग त्याने कंट्रोल दुसऱ्या कन्सोलवर घेतला. नियम असा की तसं करायच्या आधी चेकलिस्ट बघून दोन्हीकडचे लिव्हर एकाच जागी आणायचे. घाईत ते राहिलं. कॅमेऱ्यावाल्याचा लिव्हर ज्या जागी होता ती जागा पायलटच्या हिशेबाने 'इंधन बंद' होती. कंट्रोल बदलला आणि वर आकाशात इंजिन बंद पडलं.

आता विचार करा, हा माणूस विमानात असता तर इंजिन बंद झाल्याचं त्याला सांगायला लागलं असतं का? कानठळ्या बसवणारी शांतता झाली असती. इथे त्याला स्क्रीनवर एवढंच दिसलं की उंची कमी होतेय, का ते कळेना. त्याला वाटलं काहीतरी कंट्रोलची गडबड आहे, म्हणून त्याने जमिनीवरून जाणारी लिंकच बंद केली, कारण लिंक तुटली की ड्रोन आपोआप वर चढतो आणि ठरलेल्या जागी घिरट्या घालत थांबतो असा प्रोग्राम होता. युक्ती चांगली होती, फक्त वर चढायला इंजिन लागतं. त्यात इंजिन बंद म्हणून ड्रोन बॅटरीवर गेला, आणि बॅटरी वाचवायला त्याने स्वतःच काही उपकरणं बंद केली, त्यात सॅटेलाइट लिंक आणि रडारला आपण कुठे आहोत ते सांगणारा ट्रान्सपाँडरही गेला. ड्रोन डोंगरांच्या खाली गेला, रेडिओ पोचेना, आणि तो विरळ वस्तीच्या भागात जाऊन पडला. कोणाला लागलं नाही हे नशीब. तपास करणाऱ्या खात्याने २२ शिफारशी केल्या, आणि त्या वाचल्या तर कळतं की त्यात ड्रोनपेक्षा जमिनीवरच्या खोलीबद्दलच जास्त आहे.

आता लिंक. रेडिओला सरळ रेषा लागते आणि पृथ्वी गोल आहे. सपाट मैदानावर १० मीटरचा अँटेना लावला तर ३,००० मीटर उंचीवरच्या विमानाशी साधारण २४० किलोमीटरपर्यंत बोलता येईल, पण तेच विमान १०० मीटरवर आलं की हा आकडा पन्नास-पंचावन्नवर येतो. म्हणजे विमान जितकं खाली, जितकं धोक्यात, तितकी लिंक कच्ची. आणि हे सपाट मैदानाचं झालं, सह्याद्रीत एखाद्या डोंगराचा खांदा आडवा आला की दोन किलोमीटरवरही खेळ खल्लास.

तर लिंक तुटणार हे धरूनच चालायला लागतं, आणि मग प्रश्न येतो की तुटल्यावर विमानाने काय करायचं. हे आधीच ठरवून त्याच्या डोक्यात घालून ठेवायचं, आणि आधी ठरवलेली गोष्ट ऐन वेळी बरोबरच असेल याची काय खात्री? छोट्या ड्रोनवर सगळ्यांना माहीत असलेली सोय म्हणजे रिटर्न टू होम, पोरं त्याला आरटीएच म्हणतात. सिग्नल गेला की ठरलेल्या उंचीवर चढायचं, जिथून उडालो तिकडे सरळ रेषेत यायचं आणि उतरायचं. आता मालवणला बोटीवरून ड्रोन सोडणाऱ्या व्हिडिओवाल्याचा विचार करा. ड्रोनने उडताना घराचा पत्ता म्हणून त्या क्षणीचा जीपीएस पॉइंट लिहून घेतला. मग बोट वाऱ्याने, प्रवाहाने सरकली. सिग्नल गेला. ड्रोन अगदी इमानदारीत परत आला, बरोब्बर त्याच पॉइंटवर, आणि शांतपणे समुद्रात उतरला. त्याची काहीच चूक नाही. किंवा उसाच्या फडात, आरटीएचची उंची कमी ठेवलीय आणि मधे महावितरणची लाइन. बांधावर उभं राहून सत्तर-ऐंशी मीटरवरचा ड्रोन आणि त्याच्या मागची तार एका रेषेत दिसतात, मधे पाच मीटर आहेत का वीस ते डोळ्याला कळतच नाही, म्हणून शहाणे लोक फडाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस उभा करतात. त्यात ड्रोनचं तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि नवशिक्याचा ड्रोन बहुतेक इथेच बाभळीत अडकतो.

मोठ्या विमानांचं पण हेच, फक्त बाभळीच्या जागी आंतरराष्ट्रीय सीमा. डिसेंबर २०१७ मध्ये आपल्या सैन्याचा एक ड्रोन सिक्कीममध्ये नेहमीच्या सरावाच्या उड्डाणावर होता, तांत्रिक बिघाडाने ग्राउंड कंट्रोलशी संपर्क तुटला आणि तो प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडून चीनच्या बाजूला जाऊन पडला. डोकलामचं प्रकरण नुकतंच थंड झालेलं, त्यात हे. संरक्षण मंत्रालयाला खुलासा द्यायला लागला. त्याआधी सप्टेंबर २००९ मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकेचा एक रीपर असाच कोणाचं ऐकेना, सरळ देशाच्या हद्दीकडे निघालेला, शेवटी त्यांच्याच एफ-१५ ने क्षेपणास्त्र मारून तो पाडला. आपलंच विमान आपणच पाडायचं!

पण माझा सगळ्यात आवडता किस्सा याहून जुना आहे. १६ ऑगस्ट १९५६, कॅलिफोर्नियातल्या पॉइंट मुगूवरून नौदलाने एक लाल रंगाचं जुनं हेलकॅट विमान नेमबाजीच्या सरावाचं लक्ष्य म्हणून रिमोटने सोडलं. थोड्या वेळात ते कंट्रोलच्या बाहेर गेलं आणि लॉस एंजेलिसच्या दिशेला वळलं. हवाई दलाने त्याला पाडायला दोन जेट पाठवली. दोघांनी मिळून २०८ रॉकेटं मारली. एकही लागलं नाही. रॉकेटं खाली पडून जंगलात वणवे लागले, पामडेल गावात घरांचं-गाड्यांचं नुकसान झालं, आणि हेलकॅट आपलं निवांत घिरट्या घालत पेट्रोल संपल्यावर वाळवंटात जाऊन पडलं. ते एकटं सोडलं असतं तर कदाचित काहीच झालं नसतं.

लिंक तुटणं परवडलं, पण चुकीच्या माणसाची लिंक लागणं त्याहून वाईट. १९९९ च्या मार्चमध्ये अमेरिकेचं ग्लोबल हॉक हे मोठं ड्रोन चाचणीवर असताना अचानक स्वतःला संपवून बसलं. कारण काय तर भलत्याच एका तळावर कोणीतरी 'उड्डाण संपव' हा सिग्नल टेस्ट करत होतं, तीच फ्रिक्वेन्सी, तोच आदेश, यानेही तो ऐकला आणि आज्ञाधारकपणे मान टाकली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरं ग्लोबल हॉक व्यवस्थित उतरलं, पण आधी भरलेल्या प्लॅनमध्ये जमिनीवर चालायचा वेग १५५ नॉट पडलेला, म्हणजे ताशी २८७ किलोमीटर, एवढ्या वेगाने कोणी वळण घेतं का, पण यंत्राला ते कोण सांगणार, ते निघालं आणि वळणावर रस्ता सोडून बाहेर जाऊन नाक मोडून बसलं. विमानात कोणी असतं तर त्याने पहिल्या दोन सेकंदांत ब्रेक दाबला असता.

ही झाली अपघाताने घडलेली. मुद्दाम करणारे वेगळेच. २०१२ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या टॉड हम्फ्रीज आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी व्हाइट सँड्सच्या तळावर सरकारी माणसांसमोर खोटे जीपीएस सिग्नल सोडून एका लहान हेलिकॉप्टर ड्रोनला फसवून दाखवलं, त्याला वाटलं आपण वर चाललोय म्हणून तो खाली यायला लागला. युक्रेनच्या युद्धात तर जॅमिंग, म्हणजे रेडिओ सिग्नल दाबून टाकणं, एवढं वाढलं की दोन्ही बाजूंनी ड्रोनला केसासारख्या फायबरच्या वायरची रिळं बांधली, ड्रोन वायर सोडत सोडत दहा-वीस किलोमीटर जातो, रेडिओच नाही तर जॅम काय करणार. म्हणजे शंभर वर्षं बिनतारी बिनतारी करून शेवटी परत तारेवर.

अजून एक अडचण जिच्याबद्दल कमी बोललं जातं, आजूबाजूचं न दिसणं. हवाई वाहतुकीचा फार जुना नियम आहे, 'बघा आणि टाळा'. रिमोटवाल्याला बघताच येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या कॅनडाच्या विमानाला एका हौशी माणसाचा ड्रोन धडकला, पंखाला भोक पडलं, विमान सुखरूप उतरलं पण ऐन वणव्यात काही दिवस कामातून गेलं. ड्रोन पाव किलोच्या आतला. उडवणाऱ्याने तो अडीच किलोमीटर लांब नेलेला आणि त्याला तो दिसतही नव्हता. आपल्याकडे २०२१ च्या ड्रोन नियमांत ग्रीन झोनमध्ये, म्हणजे जिथे परवानगीशिवाय उडवता येतं तिथे, ४०० फुटांची आणि विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांची मर्यादा आहे ती याचसाठी, दिसत नाही ना मग निदान वेगवेगळ्या मजल्यांवर राहा. लोक हा नियम लग्नाच्या शूटिंगला सर्रास मोडतात ती गोष्ट वेगळी.

मग उपाय काय? उपाय एकच, विमानाला स्वतःचं स्वतः उडता आलं पाहिजे. या उपायाचं टोक बघायचं तर मंगळावर जायला लागतं. तिथे सिग्नल जायला अंतरानुसार ३ ते २२ मिनिटं लागतात, जॉयस्टिकचा प्रश्नच नाही. नासाच्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरला, ज्याचे मुख्य इंजिनिअर बॉब बलराम हे आपल्या आयआयटी मद्रासचे, आधी प्लॅन पाठवायचा आणि मग बातमीची वाट बघत बसायचं. १९ एप्रिल २०२१ ला ते पहिल्यांदा उडालं. मेमध्ये सहाव्या उड्डाणात साधारण ५४ सेकंदांनी खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याची एक फ्रेम गळाली. एकच. पण त्यामुळे पुढच्या प्रत्येक फोटोवर वेळ चुकीची पडली, ते प्रत्येक वेळी 'मी तर भलतीकडेच आहे' समजून सुधारणा करत राहिलं आणि वीस-वीस अंश झुकत डोलायला लागलं. म्हणजे उशिराचा तोच रोग, फक्त आता माणसाऐवजी कॉम्प्युटरला झाला. पण इंजिनिअरांनी उतरताना शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्याकडे लक्षच द्यायचं नाही असं आधीच ठेवलं होतं, म्हणून ते सुखरूप बसलं. एकूण ७२ उड्डाणं केली त्याने, आणि जानेवारी २०२४ मध्ये पाती मोडून थांबलं, कारण खाली एकसारखी वाळू, ओळखायला दगडधोंडाच नाही, त्याला आपण किती सरकलो ते कळेना.

तर आता प्रवासी विमान. खालून ताबा घेता आला असता तर उपयोग झाला असता अशा घटना नक्कीच आहेत. ऑगस्ट २००५ मध्ये हेलिओस कंपनीच्या विमानात हवेचा दाब गेला, पायलट बेशुद्ध, विमान ऑटोपायलटवर अथेन्सजवळ फिरत राहिलं आणि इंधन संपल्यावर पडलं, १२१ माणसं गेली. मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्सच्या सहवैमानिकाने दार आतून बंद करून विमान डोंगरावर घातलं, १५० गेले. इथे बाहेरून कोणी हात घालू शकलं असतं तर? म्हणूनच ते बोइंगचं २००६ मधलं पेटंट, एकदा चालू केलं की विमानातल्या कोणालाही बंद करता येणार नाही असा ऑटोपायलट. पण विमानाला बाहेरून उघडणारं दार ठेवलं की ते दार जगातल्या सगळ्यांसाठी आहे. आज एका कॉकपिटमध्ये घुसायला विमानात चढावं लागतं, उद्या एका सर्व्हरमध्ये घुसून शंभर कॉकपिटं मिळतील. मला विचाराल तर हा सौदा वाईट आहे.

शिवाय बिघाड म्हणजे नुसता पायलटचा बिघाड नसतो. नोव्हेंबर २०१० मध्ये सिंगापूरहून निघालेल्या क्वांटास कंपनीच्या ए३८० या भल्यामोठ्या प्रवासी विमानाचं एक इंजिन फुटलं, त्याच्या तुकड्यांनी पंखातल्या शेकडो वायरी तोडल्या. कॉकपिटमध्ये योगायोगाने पाच पायलट, आणि कॉम्प्युटरने दाखवलेल्या बिघाडांची यादी निस्तरायलाच त्यांना पन्नास मिनिटांच्या आसपास लागली. उतरल्यावरही एक इंजिन बंदच होईना, बंद करायची वायरच तुटलेली. तिथे विमानात बसलेल्या माणसाचा हुकूम दहा-वीस मीटरवरच्या इंजिनाला पोचत नव्हता, खालून कोणाचा काय पोचणार? आणि अहमदाबादला तर जमीन सोडल्यापासून ब्लॅक बॉक्सचं रेकॉर्डिंग थांबेपर्यंत ३२ सेकंद. तेवढ्यात खालच्या माणसाला 'काहीतरी झालंय' एवढं कळलं असतं तरी खूप.

जिथे आत माणूस नाही तिथे मात्र हिशेब एकदम बदलतो, आणि रिमोटची खरी ताकद तीच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या नौदलाने भाड्याने घेतलेला एमक्यू-९बी हा मोठा ड्रोन अरक्कोणमच्या आयएनएस राजाली तळावरून गेला असताना बिघडला, हवेत दुरुस्त होईना, मग तो सुरक्षित जागी समुद्रावर नेऊन चेन्नईजवळ पाण्यात उतरवला. नुकसान मोठं, पण रडायला कोणाच्या घरी माणूस नाही.

मधला रस्ता म्हणून जे येतंय त्यात जमिनीवरून उडवणं कमी आणि यंत्राने उडणं जास्त आहे. गार्मिनचा ऑटोलँड २०२० पासून लहान विमानांत मिळतो, पायलटला काही झालं की प्रवाशाने एक बटण दाबायचं, विमान स्वतः जवळचा, पुरेशा धावपट्टीचा विमानतळ शोधून, रेडिओवर स्वतः सांगून उतरतं, खालून कोणी काही चालवत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिलायबल रोबोटिक्स नावाच्या कंपनीने कॅलिफोर्नियात हॉलिस्टरला सेस्ना कॅरॅव्हॅन हे बऱ्यापैकी मोठं मालवाहू विमान आत कोणी नसताना उडवून उतरवलं, पायलट ऐंशी किलोमीटरवर ऑफिसात होता. त्याच्यासमोर जॉयस्टिक नाही, तो फक्त लक्ष ठेवत होता आणि आदेश देत होता.

यात पैशाचं गणित तेव्हाच जमतं जेव्हा असा एक माणूस एका वेळी चार-पाच विमानं सांभाळेल, नाहीतर विमानातला पायलट उचलून ऑफिसात बसवून काय वाचलं? एका रीपरच्या चोवीस तासांच्या गस्तीमागेसुद्धा अमेरिकेच्या हवाई दलाची दीडशेच्या वर माणसं लागायची. पाच विमानं पाच दिशांना सुरळीत चालली असतील तर एक माणूस पुरतो. पण वादळ येतं तेव्हा ते पाचही विमानांना एकाच वेळी लागतं, विमानतळ बंद होतो तेव्हा पाचहीसाठी बंद होतो, आणि ऑफिसातलं इंटरनेट गेलं तर पाचही एकदम आरटीएचवर. त्या पाच मिनिटांत पहिलं कोणाकडे बघायचं याचं उत्तर अजून कोणाच्या चेकलिस्टवर धड लिहिलेलं नाहीये.